लॅपटॉपचे घराणे

नौपाडा, ठाणे
१२ नोव्हेंबर १९९७

चि. मारुतीस मामाचे आशीर्वाद. ताई, तू आणि डोंबिवलीतला तुमचा नळ, तिघांची प्रकृती ठीक असावी.

प्रथम तक्रार. दिवाळीत इथून गेलेला चकल्यांचा डबा परत आला, झाकण आले नाही. (मामी म्हणते, हा विषय काढू नका. पण पत्र मी सांगतो आहे आणि ती लिहिते आहे, तेव्हा विषय तिच्याच अक्षरात निघाला.)

आता लॅपटॉप. माझा हात थरथरतो, सहामाहीची प्रश्नपत्रिका मुलांना वाचता आली नाही, तेव्हा जुना का होईना लॅपटॉप घ्या, हा तुझा सल्ला मानून मी स्टेशनजवळ टोनीच्या दुकानात गेलो. त्याने तीन यंत्रे मांडली: ३८६, ४८६ आणि पेंटियम. स्थळ आले की आधी घराणे विचारावे ही आपली रीत, म्हणून विचारले, यांत वडीलधारे कोण? त्याने ३८६ दाखवला. म्हटले, हाच द्या. (सत्ययुगापासून कलियुगापर्यंत माणसाचे आयुष्य आणि बुद्धी उतरत आली, असे मी जन्मभर शिकवले, यंत्रांना वेगळा न्याय कशाला?) टोनी म्हणाला, "सर, तुमच्यात आजोबांच्या पाया पडतात, आमच्यात आजोबा भंगारात देतात. पुढची पिढी नेहमी फास्ट." म्हटले, मग पेंटियमच्या पुढेही कोणी असेलच? "आलाय ना सर, मुंबईत." हे ऐकून मी वरपित्याच्या थाटात ‘विचार करून कळवतो’ म्हणालो आणि वेलची केळी घेऊन घरी आलो. मामी म्हणाली, "अहो, तिसऱ्यांदा गेलेलात. लॅपटॉप सोलून खायचा असतो का?"

ताईस नमस्कार.

तुझा
मामा

ता. क. कोणती पिढी घ्यावी ते तूच ठरव. मला त्यातले काही कळत नाही. (टोनीला बोलू नकोस.)

पुन्हा ता. क. मामी कुकर उतरवायला गेली आहे. हे माझ्या हाताने लिहितो, लागेल तसे वाच. माझ्या आजोबांचा हात सत्तरीत थरथरू लागला, वडिलांचा म्हणजे आबांचा साठीत, माझा पन्नाशीत. आबांना शेवटी घास तोंडाशी नेता येत नव्हता, ताई भरवायची. तिला न सांगता, ती चहा गाळताना तिचा हात बघ आणि खरे काय ते कळव. डॉक्टरकडे मी अजून गेलेलो नाही. भीती वाटते, मारुती. माझ्यासाठी थोडी, तुझ्यासाठी जास्त.