शीतलचा फॉर्म

रविवार, संध्याकाळ. धामणगाव बढे.

धाकट्या बहिणीने, शीतलने, आज इंजिनिअरिंगचा फॉर्म मोबाईलवर उघडून समोर धरला. “दादा, तुयासारखं कॉम्प्युटरच घेऊ ना?”

मागच्याच आठवड्यात पुण्याच्या ऑफिसात एआयने माझं चार दिवसांचं काम चहा पिऊन होईपर्यंत करून दिलं. तपासलं, तर एकच चूक सापडली. एकच! घरी कुणाला सांगितलेलं नाही. हो म्हणू, तर तिला फसवल्यासारखं. नको म्हणू, तर मग काय घ्यायला सांगू? त्या एका चुकीच्या जोरावर मी स्वतः तरी किती दिवस टिकणार?

“काऊन बोलून नाही राह्यला?” बाबा म्हणाले. “तुले नाई समजन तं कोनाले समजन?”

“तुया मनानं घे,” एवढंच निघालं तोंडातून. तिला तो होकार वाटला. हसतच तिने कॉम्प्युटर निवडलं.