परवानगीचं कुलूप

प्रिय चिमण्या,

चाळिशी आली तरी तुला हेच नाव लिहितेय. माझ्या फोनमध्ये तू मला 'लहान मूल' म्हणून नोंदवलंयस, तेव्हा आपली फिट्टंफाट. पत्र पाहून दचकू नकोस, तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, शिवणयंत्रही कुरकुरतं, दोघांना तेल लावून चालवते. समोरच्या शिक्षिकेचे पडदे अजून शिवायचे पडलेत.

तू फोनवर घालून दिलेला तो बागेचा खेळ फुकट आहे, असं तूच म्हणाला होतास. फुकट आहे ते फक्त दार उघडणं. आत गेलं की झारीत पाच वेळचं पाणी, मग संपलं. अर्धा तास थांबा, नाहीतर हिरे विकत घेऊन पाणी भरा. तोवर गुलाब माना टाकून माझ्याकडे बघत बसतात. बरं, पाण्याला लागतात ऐंशी हिरे आणि विकायला ठेवल्यात पन्नास हिऱ्यांच्या नाहीतर शंभराच्या पुड्या. मी उभ्या जन्मात कुणा गिऱ्हाइकाला चार बटणांसाठी अख्खा डबा घ्यायला लावला नाही. इथे वीस हिरे उरतात, आणि त्यांच्यापायी माणूस पुन्हा घ्यायला जातो. ज्यानं हे बेतलंय त्याला कापड बेतायला बसवलं असतं, तर एक चिंधी वाया गेली नसती.

पहिल्यांदा मी फसले ती अंगठ्यामुळे. अंगठा ठेवा असं आलं, मला वाटलं फोन मला ओळखून घेतोय. ठेवला. पैसे तुझ्या कार्डातून गेले आणि दहा मिनिटांत तुझा फोन आला, तोही तीन महिन्यांनी पहिल्यांदाच. आधी रागावलास, मग हसलास, मग जेवलीस का म्हणून विचारलंस. त्याच दिवशी तू मला 'लहान मूल' म्हणून नोंदवून ते कुलूप लावलंस. मी काही घ्यायला गेले की तुझ्या फोनवर विचारणा येणार, तू हो म्हटलंस तरच ते मला मिळणार. खाऊसाठी आईनं लेकाची परवानगी मागायची. राग आला होता मला, खोटं कशाला बोलू.

मग दर रविवारी सकाळी मी शंभर हिरे मागू लागले. तुझा होकार लगेच आला की समजायचं, आज मोकळा आहे. दुपार झाली की कामात आहे. एकदा दोन दिवस काहीच आलं नाही, तेव्हा मी पडद्याचं कापड चुकीचं कापून ठेवलं. एका रविवारी तू नाही म्हणालास आणि वर फोन केलास, किती खेळतेस गं आई, म्हणून. तेवढ्यावर माझा आठवडा निघाला. मीच फोन का केला नाही म्हणशील. केला की तू मीटिंगमध्ये असतोस आणि नंतर करतो म्हणतोस. तुझं ते 'नंतर' मला पुरतं ठाऊक झालंय.

गेल्या महिन्यात तू कुलूप काढलंस. आता विचारत बसू नकोस, हवं ते घे, असा निरोप धाडलास. तुझ्या बायकोनं कौतुकानं सांगितलं, की सारखी विचारणा यायची त्याचा तुला त्रास व्हायचा, आता तर पैसे गेल्याचे निरोपही तू बंद केलेत. त्रास कसला रे, एक बोट टेकवायचं. गेले चार रविवार मी हिरे घेतेय. लगेच मिळतात. कुणाला कळतही नाही.

त्या बागेत मला काडीचा रस नाही, चिमण्या. फुलं फुलली काय, वाळली काय. मी तुला हाक मारत होते. आता तुझे पैसे जातात आणि हाक पोचत नाही, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. ते कुलूप परत लाव. मी मागेन, तू बघ, मग उत्तर दे. नाही म्हटलंस तरी चालेल.

तुझ्या होकाराची नाहीतर नकाराची वाट बघणारी,
तुझीच आई