कानाची पाळी

आई, काल वांगं भाजायला ठेवलं आणि माझ्या हाताने आपोआप भरताची खूण केली. मूठ आडवी धरून हळूहळू फिरवायची, तीच. समोर कोणी नव्हतं. भाऊ गेला त्याला आता एक पावसाळा उलटला, आणि जळगावच्या या घरात ती खूण ओळखणारं कोणी उरलं नाही.

देवपूरच्या स्वयंपाकघरात तुझा एकच नियम होता. भाऊ पाटावर बसला की कोणी तोंडाने बोलायचं नाही. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, आणि आपण बोलताना हसलो की त्यालाच हसतो असं त्याला वाटे. त्याला शिकवणारं गावात कोणी नव्हतं, म्हणून खुणा तूच केल्यास. चिमटी चोळली की मीठ. डोळ्यांवर बोटांची चाळिशी म्हणजे नाना. नाकाशी बोटांचं वर्तुळ म्हणजे शिंदखेड्याची मावशी, तिच्या नथीवरून. माझी खूण कानाची पाळी. कान टोचले तेव्हा मी दिवसभर पाळी धरून रडत होते, ते भावाने पाहिलं आणि तेच माझं नाव झालं. शेजारच्या बाया अंगणातून पोरींना हाका मारत तेव्हा मला हेवा वाटे. तू मला हाक मारत नव्हतीस. भाऊ झोपलेला असला तरी कान धरून दारात उभी राहायचीस, आणि माझी पाठ असली की चिडायचीस, "ध्यान कोठे शे तुनं?" तेवढं मात्र तोंडाने. कान धडधाकट असून मी बोलणी खायची ती न बघण्याबद्दल. मला त्याचा राग येई. अजून येतो.

शिरपूरची मंडळी मला बघायला यायची होती तेव्हा नानांनी भावाला मावशीकडे पाठवायचं ठरवलं. घरात असं माणूस दिसलं की सोयरीक पुढे सरकत नाही, तेव्हा सगळेच असं करत. तू आधी भांडलीस, मग मुकाट्याने त्याची पिशवी भरलीस. पाहुणे आले, पोहे दिले. मंडळी खायला लागली आणि खोली गप्प झाली. आपल्या घरात खाताना गप्प म्हणजे हातांची वेळ. मुलाच्या आत्याने विचारलं, "नाव काय बाई तुमचं?" समोर तू बसली होतीस. मी कानाची पाळी धरली.

आत्याबाईंचा चमचा बशीतच राहिला. "पोर मुकी शे का?" त्यांनी शेजारी बसलेल्या बाईला विचारलं, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. नानांनी मान खाली घातली. मी तोंड उघडणार तोच तू बोललीस, अगदी शांतपणे. "तिले बोलता येस. आमना घरमा जेवताना असंच बोलतस. मना पोऱ्याले ऐकू येत नही. आज आम्ही त्याले दपाडी ठेयं." त्याला लपवून ठेवलंय हे तू सांगून टाकलंस, आणि मंडळी चहा न घेताच उठली.

दुसऱ्या दिवशी तू एस.टी.ने शिंदखेड्याला जाऊन भावाला घेऊन आलीस. नानांना म्हणालीस, "आते कोनीबी येवो, मना पोऱ्या आठेच बठी." इथेच, सगळ्यांसमोर. मला तुझा अभिमान वाटला. पण माझं काय, हे त्या दिवशी घरात कोणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पुढे आले ते भावाला बघून परत गेले. मग मी जळगावच्या शाळेत नोकरी धरली. तू गेल्यावर भाऊ माझ्याकडे आला. दिवसभर वर्गात घसा फोडायचा आणि घरी आलं की हात. आमचं बरं चाललं होतं.

आता शेजारपाजारचे मला बाई म्हणून हाका मारतात. मला चांगलं ऐकू येतं, पण ती हाक माझ्यासाठी आहे असं वाटत नाही. तुझा आवाज आठवू बघते. रागावलेला आठवतो, पाहुण्यांसमोरचा आठवतो, बाकी नुसते हात दिसतात. तू शाळेत गेली नव्हतीस, त्यामुळे आज असतीस तरी हे पत्र मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. राहू दे इथेच, पिठाच्या डब्याखाली.

एक मात्र सांगते. जेवायला मी अजून भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसते. कोणी कान धरून उभं राहिलं तर मला दिसायला हवं.