प्रेस्बिओपियाचा विग्रह

तीर्थस्वरूप कुमुदताई,

हिंदी मुलखातल्या मदन महलहून धाकट्या प्रल्हादचा वाकून नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत, तूही अमरावतीत ठणठणीत असशीलच. तुझं चार पानी पत्र पोचलं, मजकूर समजला. (फोनवर तुला ऐकू येत नाही ते एका परीनं बरंच, त्या निमित्तानं तुझं अक्षर तरी बघायला मिळतं.)

ताई, मी पुरता हादरलोय. गेल्या शनिवारी तुझ्या भावजयीनं, दीपानं, मला ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मी पेपर इतका लांब धरतो की तो शेजाऱ्यांनाच वाचता येतो, असं तिचं म्हणणं. डॉक्टर सलोनी म्हणजे जेमतेम आमच्या लेकाहून, अनुपमहून, चार वर्षांनी मोठी पोर. तिनं तपासून कागदावर लिहिलं, प्रेस्बिओपिया. काय भारदस्त शब्द! पाच अक्षरं, सगळा जोर मधल्या 'ओ'वर. स्कूटरवर घोकत घरी आलो. सोमवारी स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवला, विभावरी मॅडमकडून तीनदा म्हणवून घेतला. (त्या इंग्रजी शिकवतात, पण 'ओ' त्यांनाही जमेना.) आपल्याला विद्वानांना होणारं काहीतरी दुर्मीळ झालंय, अशी माझी समजूत.

मंगळवारी दवाखान्यात चष्मा घ्यायला गेलो आणि घात झाला. बावीस वर्षं संस्कृत शिकवतोय, शब्द दिसला की फोडायची खोड. मी डॉक्टरणीला विग्रह विचारला. ती हसून म्हणाली, "ग्रीक है अंकलजी. प्रेस्बिस माने बूढ़ा, ओप्स माने आँख."

म्हातारा! अगं, सत्तेचाळीस वय माझं! (अंकलजीचं दुःख वेगळंच.) म्हणजे मी स्वतःच्या तोंडानं, शुद्ध उच्चारासह, कॉलेजभर आपल्या म्हातारपणाची दवंडी पिटून आलो होतो. चष्मा काउंटरवरच टाकून तडक बाहेर पडलो. दीपा म्हणते, "एवढं काहून मनाला लावून घेऊन राहिले? सगळ्यांनाच होते ते." होत असेल, पण सगळे स्टाफरूममध्ये सांगत सुटत नाहीत.

तुझा (अजून काळ्या केसांचा)
प्रल्हाद

ता. क. ताई, 'मजकूर समजला' हे खोटं आहे. आठ दिवस तुझं पत्र खिडकीत धरून पाहतोय. 'ऑपरेशन' एवढाच शब्द लागतो, त्याच्याखाली रेघ आहे म्हणून. कोणाचं गं? दीपाला विचारायची सोय नाही, तिला मी 'ताई मजेत आहे' असं सांगून बसलोय. जीव थाऱ्यावर नाही.

पुन्हा ता. क. न राहवून आत्ताच चष्मा आणला आणि तुझं पत्र वाचलं. तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन येत्या सोमवारी, नंतर काही दिवस वाचायचं नाही, म्हणून वाचून दाखवायला मी यावं, कारण 'तुझी नजर लहानपणापासून तीक्ष्ण'. लाज वाटली गं. उद्याच निघतो. हे पत्र टपालात टाकत नाही, मीच येऊन वाचून दाखवीन. फक्त 'म्हातारा' आला की पहिल्या खेपेलाच ऐकून घे. तुझ्यासाठी तो ओरडून वाचावा लागेल, आणि तुझी गल्ली अरुंद आहे.