घड्याळाला रंग देऊ नका

पेडगाव, ता. जि. परभणी
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बन्सीधरमामांना वाल्मीकचा वाकून नमस्कार.

आम्ही इकडे सगळे बरे आहोत. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण ती ऐकत नाही. मी परभणीच्या त्याच साउंडच्या दुकानात आहे. लग्नसराई तोंडावर आल्यामुळे फाटके स्पीकर दवाखान्यातल्यासारखे रांगेत बसलेले असतात. मालक म्हणतो, "वाल्मीक, तुझ्या हातचा स्पीकर परत रडत न्हाई." बढाई म्हणून लिहीत नाही. काम तुम्हीच शिकवलेलं, म्हणून कळवतो.

दोन वर्षं पूर्णेला तुमच्याकडे येणं झालं नाही. सुटी मिळत नाही, असं मी आईला सांगतो.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे. पहिल्यावर शाई सांडली. दुसरं चार पानं झालं, पण त्यात मुद्दा आलाच नाही. म्हणून या वेळी आधी विनंती लिहून टाकतो. घड्याळाला रंग देऊ नका.

शनिवारी सवितामामींचा फोन आला होता. राजनंदिनीताईंच्या लातूरच्या नव्या घराची वास्तुशांत तेवीस तारखेला आहे आणि तुमचं ते रेकॉर्डचं घड्याळ लेकीला भेट द्यायचं ठरलं आहे, असं कळलं. मामी म्हणाल्या, "शुभकार्यात काळं कुठं देतेत? सोनेरी आइल पेंट आणलाय तुझ्या मामांनी." मी ओरडलोच. त्यावर त्या म्हणाल्या, "का ते तूच लिहून कळव. मामा-भाच्याच्या मधात मी न्हाई पडत. रविवारपर्यंत डबा लपवून ठेवते, पुढचं तू बघ."

डबा ज्वारीच्या कोठीमागे आहे. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. पण खोडलं तर कागद वाईट दिसेल, म्हणून राहू देतो.

आता दोन वर्षांमागच्या त्या दिवाळीचं. पाडव्याला तुमचे जुने दोस्त व्यंकटराव फराळाला आले होते. तुम्ही पीटर गार्डची ती छोटी रेकॉर्ड लावलीत. रेल्वेतला पीटर गार्ड कायमचा ऑस्ट्रेलियाला जाताना तुमच्या इंजिनांच्या लोको शेडमध्ये तुमच्या हातात देऊन गेला होता, तीच. अमेरिकेतल्या काळ्या बाईचं, त्यांच्या चर्चच्या भजनातून निघालेलं गाणं. अशा गाण्याला सोल म्हणतात, हेही मला तुम्हीच सांगितलेलं. शब्द एक कळत नव्हता, तरी मी सातव्या वर्षापासून त्यावर मान हलवत आलो. तुम्ही नेहमीसारखं व्यंकटरावांना म्हणालात, "ही पहिल्या घाण्याची हाय. हिंदुस्थानात दुसरी नसंल."

आणि मी मधे बोललो. मोबाइलवर चार ठिकाणी वाचलं होतं की या गाण्याची पहिली रेकॉर्ड पिवळ्या लेबलची. मग दुसऱ्या कंपनीने ती लाल लेबलवर काढली, मग इंग्लंडात निळ्यावर निघाली. तुमच्या रेकॉर्डवर तर साधा पांढरा कागद आणि रबरी शिक्का. मी म्हणालो, "मामा, ही नंतरची स्वस्तातली नक्कल आहे." तुम्ही म्हणालात, "आरं, हिच्यात बाई आधी खाकरती, मग गाती. ऐक की!" मी म्हणालो, "खाकरण्याचं काय घेऊन बसलात? लेबल बघा."

व्यंकटराव तोंडात चिवडा घेऊन हसले. "बन्सी, चाळीस वर्षं उल्लू बनवलास की रं आमाला!"

तुम्ही सुई उचललीत. आठ दिवसांनी कळलं की तुम्ही रेकॉर्डला काट्यांचं मशीन लावून तिचं भिंतीवरचं घड्याळ केलं. "नकली तर नकली, वेळ तर खरी दाखवंल," असं म्हणालात म्हणे. हे वाक्य मला जेवताना आठवतं.

त्यानंतर मी ते एकच गाणं जमवत सुटलो. पुरावा दाखवीन, अशी जिद्द होती. लाल लेबल हैदराबादच्या जुन्या बाजारात सापडलं. निळं पुण्याच्या एका संग्राहकाने अदलाबदलीत दिलं. प्रत्येकीला कागदी पाकीट करून वर तारीख लिहिली. मागच्या महिन्यात पिवळंही आलं. हात धुऊन रेकॉर्ड लावली. सुई टेकली, सर्रर्र झालं, आणि बाई एकदम गायलाच लागली.

खाकरली नाही.

वाटलं, सुई पुढे पडते आहे. तीनदा लावली. मग लाल लावली, निळी लावली. कुठेच खाकरत नाही. घाबरून पुण्याच्या त्या संग्राहकांना विचारलं. ते म्हणाले, सगळ्यात आधी पन्नासेक प्रती पांढऱ्या लेबलवर शिक्का मारून रेडिओवाल्यांना वाटल्या होत्या. दुकानासाठी पिवळी काढताना सुरुवातीचं खाकरणं कापलं. त्यांनी स्वतः पांढरी कधी पाहिलेली नाही. म्हणाले, "असलीच कुणाकडे, तर त्याने भिंतीवर लावून ठेवली असेल." मला खूप हसू आलं. मग एकदम बंद झालं.

मामा, माझं चुकलं. तुम्ही ऐकत होतात आणि मी वाचत होतो. महिनाभर हे सांगायचा धीर झाला नाही. रंगाचा डबा आला नसता, तर अजूनही झाला नसता.

पण काही बिघडलेलं नाही. मामींकडून घड्याळाचे फोटो मागवून पाहिले. या रेकॉर्डचं मधलं भोक मोठं, म्हणून तुम्ही शेडमध्ये पितळी चकती करून घेतली होती. मशीनचा दांडा त्या चकतीतूनच गेला आहे. रेकॉर्डला नवं भोक नाही. फक्त बारा, तीन, सहा, नऊ हे आकडे गोंदाने चिकटवलेले आहेत. ते नखाने काढू नका, मी येऊन काढतो. डाग राहिले तर गाण्यात फेरीला चार टकटक येतील. येऊ द्या. दोन वर्षं घड्याळ होती, सवय एकदम कशी जाईल?

ताईंसाठी मी लाल लेबलच्या रेकॉर्डचं घड्याळ करून आणतो. ती नंतरचीच आहे, या वेळी ऐकून सांगतो. तिला खुशाल सोनेरी रंग द्या.

रविवारी सकाळच्या गाडीने येतो. व्यंकटरावांनाही बोलावून ठेवा. त्यांच्यासमोर बोललो होतो, त्यांच्यासमोरच कान धरीन. दारात आल्यावर माझ्या तोंडून हाक निघणार नाही, मला माहीत आहे. मी नुसता खाकरीन. तुम्ही आतून खाकरलात, तर चप्पल काढून आत येईन.

नाही खाकरलात, तर लाल घड्याळ ओट्यावर ठेवून थोडा वेळ थांबेन. परतीची गाडी तशीही दुपारनंतरच आहे.

रविवारी तुमच्या दाराबाहेर कान देऊन उभा असलेला
तुमचा भाचा
वाल्मीक