मनस्वीच्या हळदीची ट्यून

३ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की लिहून ठेवावं.
मनस्वीची हळद ३० तारखेला, आपल्याच दारात, बोनकोड्यात. माझी पोरगी मांडवात येणार ती माझ्या ट्यूनवर. १९९९ साली ती जन्मली त्या आठवड्यात मी स्वतः कॉम्प्युटरवर बनवलेली. बारशाला वाजवायची म्हणून नेरूळच्या क्लासचा कॉम्प्युटर रिक्षात घालून आणला होता. नेमकी लाइट गेली. तेव्हापासून फ्लॉपीत पडून आहे. वर शहनाई, मधे ढोलकी, खाली बेस. अजून कानात आहे. मनस्वी लहानपणापासून विचारते, बाबा ऐकवणार कधी?

५ नोव्हेंबर
फ्लॉपी ड्राइव्ह आणून जोडला, एम्युलेटर टाकला. म्हणजे नव्या लॅपटॉपमध्ये जुना कॉम्प्युटर जिवंत करणारा प्रोग्रॅम. काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं. डोळे भरून आले. रंजिताने विचारलं, लॅपटॉप बिघडवलात का? बायकोला काय सांगायचं!
आवाज येत नाही. उद्या अर्ध्या तासाचं काम.

९ नोव्हेंबर
अर्धा तास चालूच आहे.
साउंड कार्ड कुठलं, विचारतो. सगळ्यात भारीतलं दिलं. शांतता. दुसरं दिलं. शांतता. शेवटी नाइलाजाने जुन्या कॉम्प्युटरच्या पोटातला चिमुकला स्पीकर निवडला, आणि वाजली! पण नुसती टूंऽ टूं टूं, टूंऽ टूं टूं. शहनाई कुठाय? सेटिंगमध्येच गडबड. हल्ली कामं नीट करत नाहीत लोक.

१४ नोव्हेंबर
रेकॉर्डिंगचं बटण एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. मी खात्रीसाठी दरवेळी दोनदा दाबत होतो. पाच दिवस. अर्ध्या सेकंदाच्या एक्केचाळीस फाइली झाल्या. असो. सराव झाला.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळ
रेकॉर्डिंग झालं!!
बाल्कनीत फुल व्हॉल्यूमवर ट्रायल. खाली गल्लीत दोन बायका जागच्या थांबल्या, वळून बघायला लागल्या. एक माणूस तर हात हलवून ये ये करत होता. पब्लिकला पकडते ट्यून. आतून आई ओरडली, हिरामन, कोनची गारी आली रं? आईला आता कमी ऐकू येतं, ट्यूनला गाडी समजते.

२३ नोव्हेंबर
डीजे मिथुन तळवलीहून आला, टेम्पो घेऊन. ट्यून ऐकवली. तोंड फिरवून बराच वेळ हलत होता. खोकला आहे म्हणाला. खाली बीट टाकू का काका, म्हणाला. अजिबात नाही म्हटलं. तुझ्या मोठ्या बॉक्सवर शहनाई आपोआप उघडेल.
रंजिता म्हणते, पोरीचा दिवस आहे, सगळे लावतात तेच गाणं लावू. तिच्याशी बोलणं बंद. जेवण चालू.

२९ नोव्हेंबर
मनस्वीने विचारलं, झाली का? झाली म्हटलं, उद्याच ऐक. सव्वीस वर्षांचा शब्द आहे. फुकट जायला नको.
एकट्याने हेडफोन लावून ऐकली. शहनाई काही सापडत नाही. होती ना? होती. नक्की होती.

१ डिसेंबर, दुपारी
काल हळद झाली.
मिथुनने ट्यून सोडली. अख्खा मांडव दोन बाजूंना झाला. बायकांनी पोरं उचलली, खुर्च्या मागे ओढल्या. म्हटलं, काय मान देतात लोक! तेवढ्यात रंजिताचा भाऊ गेटकडे धावला आणि दोन्ही हात हलवत ओरडायला लागला, येऊ दे, येऊ दे, लेफ्ट मार, बस्स! मग कोणीतरी विचारलं, गारी कुठं हाय? आणि हशा. डीजेपेक्षा मोठा हशा.
मी गेटपाशीच होतो. वाटलं, तोंड लपवून सरळ स्टेशन गाठावं.
मनस्वी पिवळ्या साडीत माझ्या शेजारी उभी होती. तिने मांडवाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग मांडवाकडे पाठ केली आणि एकेक पाऊल उलटी चालत आत गेली. पार पाटापर्यंत. ट्यून संपेपर्यंत. लोकांनी शिट्ट्यांवर शिट्ट्या मारल्या.
उलटी का चालली, ते विचारलं नाही. पण पूर्ण वेळ तिचं तोंड माझ्याकडे होतं. हसत होती, डोळे पुसत होती. अशी एन्ट्री बोनकोड्यात कोणाची झाली नसेल. ट्यूनमध्ये दम पाहिजे.

६ डिसेंबर
मनस्वी सासरी गेली. घर खायला उठतंय. लॅपटॉप कपाटात.
मिथुन ट्यून मागून घेऊन गेला. टेम्पोच्या रिव्हर्सला बसवली म्हणे. कलाकाराने हात आखडू नये.
आत्ता दूध आणायला गेलो होतो. गल्लीत मागून माझी ट्यून ऐकू आली.
पटकन बाजूला झालो.