फोटोत माणूस नको

३ मे
संकल्प. यंदा क्लबच्या कॅलेंडरचं मुखपृष्ठ आपलं. म्हणजे डचेसचं. १९३८ सालची काळी ऑस्टिन मोटार, सगळ्या लिंकनशायरमध्ये हिच्यासारखी दुसरी नाही. गेल्या वर्षी मुखपृष्ठावर डेनिसची गाडी आली. डेनिस क्लबचा सेक्रेटरी आहे. मी काही बोलत नाही.

११ जूनला विमानतळावर फोटोचा दिवस. हँगरमधलं महायुद्धातलं जुनं लँकेस्टर विमान बाहेर ओढणार आणि एकेक गाडी त्याच्या पंखाखाली उभी करून फोटो काढणार. प्रत्येकाला वीस मिनिटं. एवढ्या वेळात माणूस इतिहास घडवतो.

पॉलीन म्हणाली, मलाही यायचंय. तिचे वडील महायुद्धात असल्याच विमानाच्या शेपटात मशीनगन घेऊन बसायचे. म्हणाली, घरापासून बारा मैलांवर विमान आहे, लग्नाला चाळीस वर्षं झाली, तू एकदा नेलं नाहीस. मी शांतपणे समजावलं. उन्हाळ्यात पाऊस असतो, हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ. डचेसला दोन्ही सोसत नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

९ मे
पॉलिशचा पहिला हात. आंघोळीचे टॉवेल या कामाला उत्तम. पॉलीनने पाहिलं आणि नको तो विषय काढलाच. तिच्या वडिलांच्या दफनाच्या दिवशी पाऊस होता म्हणून आपण रॉयच्या व्हॅनमधून गेलो, ही गोष्ट ती मरेपर्यंत विसरणार नाही. रॉय म्हणजे शेजारचा विधुर. दोन कुत्री, आणि व्हॅनमध्ये त्या कुत्र्यांचे केस. दफनभूमीत माझ्या काळ्या कोटाची काय दशा झाली होती, ते कोणी आठवत नाही.

१७ मे
क्लबची सभा. डेनिसने नवीन खूळ काढलं. यंदा फोटोत बायकांनाही घ्यायचं, युद्धकाळचे कपडे घालून. सगळे माना डोलवायला लागले. मी उठलो. म्हटलं, मंडळी, हा मोटारींचा क्लब आहे की लग्नाचा हॉल? आठ वर्षांपूर्वी जानेवारीच्या पानावर कोणाच्या तरी मेहुण्याचा पाय आला होता, आठवा. तेव्हा मीच नियम सात मंजूर करून घेतला होता, फोटोत माणूस नको. आज त्यात भर घातली. सावली नको, प्रतिबिंबही नको. मतदानात सात विरुद्ध सहा. डेनिसचा चेहरा बघण्यासारखा झाला.

घरी आलो तर पॉलीन निळा फ्रॉक इस्त्री करत होती. तिच्या आईच्या जुन्या नमुन्यावरून महिनाभर शिवत होती म्हणे, डेनिसच्या बायकोने तिला आधीच सांगून ठेवलं होतं. मी नियम सांगितला. तिने फ्रॉक हँगरला लावला आणि झोपायला गेली. समजूतदार आहे तशी.

२८ मे
पॉलीन मेबलथॉर्पला बहिणीकडे गेली. चार दिवस समुद्राची हवा खाईल, बरं वाटेल. दोन मोठ्या बॅगा नेल्या. शिलाई मशीनही नेलं. शिवणकाम साचलं असणार. दिवाणखान्यातला वडिलांचा फोटोही भिंतीवर दिसत नाही. काच पुसायला नेला असावा.

मला मोकळीक मिळाली. जेवण गॅरेजमध्येच, डब्यातल्या घेवड्याच्या बिया, थंड. गरम करायला आत जावं लागतं.

४ जून
चार दिवसांचे सात झाले. मी फोन केला. ११ तारखेला ये म्हटलं, विमान बघून घे. मात्र बसने ये. डचेसमध्ये शेजारच्या सीटवर पॉलिशची पेटी असणार आणि तुझ्या सँडलमधून वाळू पडते. मग म्हणाली, रॉय आणेल मला.

चला, तिची सोय झाली. हा रॉय हल्ली दर आठवड्याला मेबलथॉर्पला जातो. कुत्र्यांना समुद्रकिनारा मानवतो म्हणे. कुत्र्यांचेही लाड असतात एकेकाच्या घरी.

संकल्प: कॅलेंडर आलं की पहिली प्रत पॉलीनला. मुखपृष्ठ पाहिलं की तिला कळेल, इतकी वर्षं हा माणूस कशासाठी झिजला. आपोआप घरी येईल. बायकांना पुरावा लागतो.

१० जून
पॉलिशचा शेवटचा हात. डचेसच्या दारात बघून दाढी करता येईल इतकं चकचकीत. केलीही.

११ जून, संध्याकाळ
दिवस सोन्याचा. जाताना माझ्यामागे ट्रॅक्टर, दोन बस आणि एक शववाहिका अशी रांग लागली होती. हॉर्न वाजवत होते. गाढवाला गुळाची चव काय?

विमानतळावर नुसती जत्रा. डेनिस वैमानिकाच्या वेषात, पोट पट्ट्याबाहेर. मी साधा ट्वीडचा कोट. फोटो काढायला जेम्मा नावाची मुलगी, वय पंचवीस असेल नसेल. तिला म्हटलं, घाई करायची नाही. ती म्हणाली, काका, वीसच मिनिटं आहेत. त्यातली चौदा टायरांना चिकटलेलं गवत काढण्यात गेली, कारण हे गवत कापणारे लोक आपलं काम नीट करत नाहीत.

पॉलीन आली होती. तो निळा फ्रॉक घालून. कशाला, कोण जाणे, नियम माहीत असताना. तिथल्या एका स्वयंसेवकाने तिला शिडीवरून आत नेलं, पार शेपटापर्यंत. वडिलांच्या जागेवर बसली म्हणे. बराच वेळ खाली येईना. उतरली तेव्हा डोळे लाल होते. विमानात धूळ फार असते.

मग नेमकी माझ्या वीस मिनिटांत जवळ येऊन उभी राहिली. बोलायला लागली. मी डचेसचा दिवा आणि विमानाचं नाक एका रेषेत आणत होतो, त्यामुळे सगळं नीट ऐकू आलं नाही. वडील किती लहान होते रे तेव्हा, असं काहीतरी. मग म्हणाली, मी घरी येणार नाही माल्कम, बहिणीच्या गल्लीतच खोली घेतली आहे, तुला पत्राने कळवायचं नव्हतं म्हणून समोर सांगते, वगैरे. फोटोच्या वेळी असले विषय काढायचे का? वेळ काळ काही आहे की नाही? मी रागावलो नाही. एवढंच म्हटलं, पॉलीन, दोन पावलं डावीकडे हो, तुझी सावली बॉनेटवर पडते आहे.

तिने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग सरकली. दोन पावलं नव्हे, चांगली लांब गेली. नेमकं किती सरकायचं हे तिला कधीच कळलं नाही.

सावली गेली. जेम्माने बटण दाबलं. एकच फोटो, पण असा फोटो आयुष्यात एकदाच निघतो.

घरी येताना बघितलं तर रॉयची व्हॅन गेलेली होती.

१९ जून
घर शांत आहे. कामाला बरं. बिया संपल्या. पॉलीनची खोली वगैरे काही दिवसांचं खूळ आहे, मुखपृष्ठ येऊ दे. कोरडा दिवस मिळाला तर तिला डचेसमधून समुद्रावर नेईन. पेटी मागच्या सीटवर ठेवता येईल. याआधी हे कसं सुचलं नाही?

२ जुलै
डेनिसचा फोन. माझा फोटो बाद. नियम सात. मी ओरडलो, कुठे आहे माणूस, दाखव. तो म्हणाला, गाडीच्या दारात बघ. आणि म्हणाला, नियम तुझाच आहे, माल्कम, आम्ही सहाजण विरोधात होतो. आवाजात आनंद मावत नव्हता. फोटो एकमताने मुखपृष्ठासाठी निवडला होता, मग कोणाचं तरी लक्ष गेलं. हा डेनिसचा डाव आहे. जेम्माला मोठी प्रत पाठवायला सांगितली. खोटं पाडतो एकेकाला.

६ जुलै
प्रत आली. भिंग घेऊन बसलो होतो. गरज पडली नाही.

डचेसचं दार. पॉलिश इतकं उत्तम की आरसा लावल्यासारखं. त्यात आभाळ, गवत, कडेला रॉयची व्हॅन. रॉयने दार उघडून धरलेलं. आणि पॉलीन, निळ्या फ्रॉकमध्ये, चढता चढता मागे वळून बघते आहे. आधी वाटलं माझ्याकडे. नीट पाहिलं. विमानाकडे बघते आहे. हसते आहे. फ्रॉक तिला चांगला दिसतो.

जेम्माला फोन केला, ती बाई आणि तो माणूस पुसता येतील का? म्हणाली, सहज, दोन मिनिटांचं काम, पुसून समितीला परत पाठवू? अजून मुदत आहे.

हो म्हटलं. मग थांब म्हटलं. कपाटं उघडली, खोकी काढली. लग्नाचा अल्बम तिच्या बॅगेत गेलेला दिसतो. बाकी चाळीस वर्षांचे फोटो सगळे माझ्याकडे. डचेस पुलावर, डचेस किल्ल्यापाशी, डचेस बंदरावर. पॉलीन एकातही नाही. एका फोटोत गवतावर तिची पर्स आहे.

जेम्माला सांगितलं, पुसू नकोस.